माया

पाटोवरल्या दवाखान्यात एसी इतका
की पोटावर काटा आला.
डॉक्टर मिनेझिसबाईंनी निळ्या मार्करचं टोपण काढलं
आणि बेंबीखालून रेघ ओढली,
कमरेच्या या हाडापासून त्या हाडापर्यंत.

हात सफाईदार. मला कळतं.
एकोणीस वर्षं म्हापशात, मासळी बाजारामागे,
मीही बायांच्या अंगावर अशाच खुणा करते,
खडूने, तोंडात टाचण्या धरून.
श्वास आत ओढू नका, म्हणते, माप चुकतं.
आज मीच ओढून धरला होता.

चिमटीत धरून त्या म्हणाल्या, एवढं निघेल.
एवढं म्हणजे पसाभर.
आठ वर्षांपूर्वी तिथे दोघं दाटीवाटीने राहिली,
स्वप्नेश आडवा,
शर्वाणी त्याच्या डोक्यावर पाय देऊन.
खोली रिकामी केली, पण पडदे तसेच.

भिशीचे पैसे आहेत.
नवरा म्हणाला, कशाला? मला तू अशीच आवडतेस.
आवडत असेन.
पण हा कपडा तो घालत नाही.

कळंगुटच्या फिलुमिनाने केलं,
महिनाभर काजू वेचल्यासारखी वाकून चालायची.
आता लग्नात नाचते, आणि ब्लाउज
दर सहा महिन्यांनी आत घ्यायला आणते.
तिच्या पाठीत हूक लावताना
मी आरशात तिच्याकडे बघत नाही.

टाके कुठे येतील, विचारलं.
दोरा कुठला, तेही.
आतला विरघळतो म्हणे.
मग जे दुकानातल्या नव्या पोरींना रोज सांगते,
तेच तोंडातून गेलं:
डॉक्टर, कापताना दोन बोटं माया सोडा.

त्यांनी मार्कर खाली ठेवला,
टिश्यूचा डबा माझ्याकडे सरकवला.
मी रडत नव्हते हो.
शिवणीतली माया म्हणतेय,
उद्या अंग भरलं, उसवायची वेळ आली,
तर धरायला काही हवं ना?
त्या हसल्या. मग मीही.
पण एक टिश्यू घेतला.

तारीख चतुर्थीनंतरची.
त्याआधी सव्वीस ब्लाउज, दोन घागरे,
आणि कामतांच्या सुनेचं ओटीभरणाचं, सैलसर.

मांडवीच्या पुलावर बस अडकली, घाम घाम झाला,
तरी रेघ पुसली नाही.
रात्री शर्वाणीने पाहिलीच.
बोटाने या टोकापासून त्या टोकापर्यंत गिरवली
आणि विचारलं,
आई, तुझं माप कुणी घेतलं?