वाटणी

अशोक चौक, सोलापूर. मागांच्या खडखडाटात
गुंडेटीच्या चादरीवरचा मोर
पडद्यावर अडखळत उतरतो.

मी बायोसच्या निळ्या पानात शिरतो.
व्हिडिओ मेमरी चौसष्ट. एकशे अठ्ठावीस करतो.
मोर तसाच.
पाचशे बारा करतो,
तर आता मोरच नाही, नुसतं फिरतं चाक.

"डोळ्याला दिलं ते डोक्यातनं गेलं,"
राजव्वा कांड्या भरता भरता म्हणते.
हिला कुणी सांगितलं
की रॅम दोनच जीबी आहे?

पुन्हा एकशे अठ्ठावीस.
झाकण उघडतो. पंख्यात सुताचं तूस,
फुंकर मारली, खोकला मला.

मोर उतरला. जरा अडखळतच.
"चालतंय की," गुंडेटी म्हणाला
आणि पिसाऱ्यात
आणखी एक रंग वाढवला.