चष्मा काढण्याची वेळ

कुताइसीला आले तेव्हा माझ्यापाशी
तीन अलार्म होते, दोन वह्या, रंगीत चिठ्ठ्यांचा गठ्ठा,
आणि प्रबंधाचं एक प्रकरण, ज्याचं
नुसतं नाव लिहून झालं होतं.

त्सियाला आत्या मुद्रितं तपासते.
बियाण्यांच्या याद्या, आगगाड्यांची वेळापत्रकं,
सध्या एक शब्दकोश, मधमाश्या पाळणाऱ्यांचा.
टेबल स्वयंपाकघरातच, खिडकीला टेकवलेलं.
खाली गल्लीत बोंदोची भट्टी,
जमिनीत पुरलेल्या रांजणासारखी.

घड्याळ नाही घरात.
होतं एक. ते तिनं देऊन टाकलं
कुठंतरी पोचायची घाई असलेल्या कुणाला.

"मग कळतं कसं तुला?"
तिनं हनुवटीनं खाली दाखवलं.
बोंदो कमरेपर्यंत भट्टीत वाकलेला,
पाय जमिनीवरून सुटलेले.
कणकेची एकेक होडी आतल्या भिंतीला थापून
तो लालबुंद होऊन वर आला.

"त्यानं थापायला घेतलं की मी पान घेते.
पाव निघाले की पान संपतं.
नाही संपलं, तर पुढचा घाणा आहेच."

"आणि मध्येच फोन आला तर?"

"बोंदो उलटा लटकलेला असताना
फोन घेतो का?"

सकाळचे नऊ घाणे, नऊ पानं. मग टेबल बंद.
उरलेला दिवस ती शेजारणीशी सोंगट्या खेळते,
हरते, आणि त्याबद्दल तिला
काडीचाही पश्चात्ताप होत नाही.

मीही बसले. पहिल्या घाण्याला पेन्सिलीला टोक केलं.
दुसऱ्याला आधीचे शब्द मोजले: अकरा.
तिसऱ्याला दाढ आठवली, विजेचं बिल आठवलं,
शाळेतली एक मैत्रीण, जिचं मी कधीकाळी
काही देणं लागत होते.
वेळ काढायचा म्हणतात.
मला तो थापताच येत नव्हता.

ऑक्टोबरात आत्या त्बिलिसीला गेली,
मोतीबिंदू काढायला.
त्या आठवड्यात गल्लीत जळका वास.
लोक काळे पाव घेऊन मुकाट्यानं घरी जात.
मी खाली उतरले तेव्हा बोंदोनंच विचारलं,
"वरच्या बाई कुठं आहेत?"

"का?"

"त्या चष्मा काढतात, डोळे चोळतात,
तेव्हा मी आकडा आत घालतो.
एकोणीस वर्षं झाली.
मनगटावरचं घड्याळ वाफेनं बंद पडतं हो."

मी वर आले.
आत्याला फोन केला, डोळ्यांत थेंब घालतेस का विचारलं.
बाकी काही बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताना तिच्या खुर्चीत.
माझे डोळे चांगले आहेत.
खणात तिचा जुना चष्मा सापडला,
एक काडी दोऱ्यानं बांधलेली.
लावला, तर फोनवरची अक्षरं
मुंग्यांसारखी पांगली.
कागदावर मोठमोठं लिहावं लागलं,
पहिलीतल्या पोरासारखं, ओळ सोडून.

परिच्छेद झाला, चष्मा काढला. फार लवकर.
पाव कच्चे निघाले.
दुसऱ्या वेळी एका वाक्यात अडकले,
खालून धूर आला.
तिसऱ्या वेळी
बोंदोनं वर पाहिलं, काहीच म्हणाला नाही,
थोड्या वेळानं पोराच्या हाती एक पाव पाठवला.

चार ओळी झाल्या होत्या. दोन खोडल्या.
पाव बरा होता, फक्त मधोमध
एक फोड आलेला, कोळशासारखा.
नखानं खरवडून तो खाल्ला,
बोटं पुसली,
आणि खाली पुन्हा पाय सुटलेले दिसले
म्हणून चष्मा लावला.