एफ फटफटीचा

जिमलगट्ट्याची लाइन रोज दुपारी तीनच्या आसपास मरते.
इरपा तलांडीला सांगितलं,
तारेवरून जातं येतं ते सगळं टिप,
दाबून बांध, पाठव.
पाठवणार कशावरून?
म्हणून पुरावा एसटीनं आला,
नैताम कंडक्टरच्या खिशात, खर्ऱ्याच्या पन्नीत.

आलापल्लीच्या ऑफिसात गाठ सोडायला घेतली.
ऐंशी टक्के, नव्वद, नव्व्याण्णव,
आणि अगदी शेवटी म्हणाली, बेरीज जुळत नाही.
हिची जातच तशी.
अख्खं पोतं रिकामं केल्यावर
तळाशी वजनाची चिठ्ठी सापडते,
आणि कुठला दाणा खोटा, ते चिठ्ठी सांगत नाही.

पुन्हा कॉपी केली. दुसरीच बेरीज.
तिसऱ्यांदा तिसरीच.
तेव्हा जरा हायसं वाटलं.
पक्की बिघडलेली फाइल दर वेळी एकच खोटं सांगते,
ही तर अडखळत होती.

पेनड्राइव्ह नाकाशी नेला. सुपारी.
पिवळ्या दातांवर चुन्याची रेघ.
पोरीच्या कंपासातलं खोडरबर काढलं,
घासलं, पुसलं, लावलं.

मग फोन. एका काडीचा.
"इरपा, तुझ्याकडची बेरीज वाच. हळू."
"तीन. नऊ. ए."
"कोणता?"
"ए एरंडीचा. मंग सात. बी बोराचा. शून्य. एफ."
"एस?"
"एफ जी!"
"हॅलो?"
"फटफटीचा, मॅडम, फटफटीचा! अन् चार."

जुळलं. आठच्या आठ.

आत पाहते तर सगळीकडे लाल.
आपल्याकडून निघालेल्या प्रत्येक पाकिटावर : बेरीज चूक.
नवखी होते तेव्हा या लालीपायी दोन रात्री जागले होते.
टिपणारा उभा असतो दारात
आणि बेरीज लिहिणारं कार्ड पार फाटकापाशी.
दारातून निघताना पाकीट कोरंच असतं.
कोरं म्हणजे चूक नव्हे.
ती तपासणीच बंद केली. लाली ओसरली.

मग दिसलं.
दोन वाजून बावन्न मिनिटं.
पलीकडून आलेलं शेवटचं पाकीट, धडधाकट,
आणि त्यानंतर नुसती आपलीच हाक,
पुन्हा, पुन्हा,
दर वेळी दुप्पट थांबून.

"इरपा, तीनच्या आधी काय होतं रे तिकडे?"
बराच वेळ खरखर.
"काहीच नाही जी," म्हणाला,
"धानाची चक्की सुरू होते, तेवढीच."