उलटा आकडा

आंकुदच्या बंदराकडे उतरणाऱ्या गल्लीत माझं दुकान :
एक टेबल, एक भिंग,
आणि लोकांच्या समजुती मावणार नाहीत एवढंसं कपाट.

सकाळी कोळी येतो,
पिशवीभर तांदळात पुरलेला फोन घेऊन.
तांदूळ शिजवून खा, मी म्हणते.
आत समुद्राचं मीठ बसलंय, त्याला भात कळत नाही.
"मागच्या वेळी झाला होता की सुरू!"
झाला असेल. दोन दिवस तू हात लावला नाहीस,
तेवढंच औषध.

शाळेतली ओदेत दबक्या आवाजात विचारते,
खासगी खिडकी उघडली की कुणाला दिसत नाही ना?
नवऱ्याला नाही दिसत, बाई. कंपनीला दिसतं.
आणि ते छोटं कुलूप?
वाटेत पाकीट कुणी फोडत नाही, इतकंच.
पलीकडे चोरच बसला असेल
तर त्यालाही ते बंदच मिळतं.

दोन रेमिहियोंचा मात्र ठाम विश्वास :
यंत्रात पिन उलटा दाबला की पोलीस येतात.
मी म्हटलं, पिन ७३३७ असला तर?
पेन्शन काढायला गेलं की दर वेळी वरात येणार?
दिवसभर विचार करून ते परत आले.
"माझा तसा नाही."

शुक्रवारी औषधाच्या दुकानाशेजारी
एका पोराने त्यांच्या बरगडीला सुरी लावली.
म्हाताऱ्याने चार आकडे सावकाश दाबले, शेवटापासून,
आणि मोठ्याने म्हणाला, "दाबला उलटा."
पडद्यावर आलं : आकडा चुकला.
कुठे घंटा नाही, कुठे शिट्टी नाही.
पोरगं चढावर पळत सुटलं.

आता त्याची लोकरी टोपी माझ्या टेबलावर.
"सांग," दोन रेमिहियो म्हणतात.
यंत्राने कुणाला बोलावलं नाही, मी बँकेत विचारलंय.
"बरं. मग पळालं का?"
खोट्याच्या कपाळी गोटा, असं ऐकत आले होते.
या खोट्याचं कपाळ कोरंच.
टोपी मी खणात ठेवली.

आज पाऊस. भिजल्या डोक्याचा एक पोरगा
फुटक्या काचेचा फोन घेऊन आला.
मी काच काढत असताना
भिंतीकडे बघत म्हणाला,
"तुम्हाला यातलं कळतं म्हणे.
तो आकडा उलटा दाबला की...
खरं असतं का ते?"

वीस वर्षं मी विचारणाऱ्याला खरंच सांगत आलेय.
एक स्क्रू सापडत नव्हता.
भिंग डोळ्याला लावून
मी तो शोधत राहिले.