दीड औंस

अक्कलकोट रोडच्या कारखान्यात
एकतीस वर्षं मी टॉवेल मोजले.
लांबी-रुंदी इंचात, नगाचं वजन ग्रॅममध्ये,
परदेशी पार्टी असली तर डझनाचं पौंडात,
आणि गाठ बांधायची ती किलोवर.
एकाच टॉवेलाच्या अंगावर एवढे मुलूख,
कधी भांडताना दिसले नाहीत.

म्हणून ह्यूस्टनहून लावण्या म्हणाली,
'नाना, आईची शेंगाचटणी औंसात लिहून द्या,
इथल्या काट्याला ग्रॅम कळत नाहीत,'
तेव्हा मी हसलो.
डाव्या हाताचं काम.

तसा गेल्या दिवाळीत मी एकदा आपटलो होतो.
तिने पाठवलेल्या केकच्या कृतीत तीनशे पन्नास होतं,
आमच्या ओव्हनचा आकडा अडीचशेलाच संपतो.
मी बटण शेवटापर्यंत पिळलं.
फॅरनहाइट नावाचा गृहस्थ
विडी घरकुलात तोवर कुणाला भेटला नव्हता.
केक कुत्र्याने हुंगला
आणि सभ्यपणे पुढे गेला.

पण चटणी घरची. वही उघडली.
'शेंगदाणे किती?'
'पिडिकेडु,' राजमणी म्हणाली.
'अगं, मूठ म्हणजे किती?'
तिने मूठच पुढे केली.

सॅम्पल तोलायचा जुना काटा पुसून शून्यावर आणला.
पहिली मूठ छत्तीस.
दुसरी पस्तीस.
तिसरी पुन्हा छत्तीस.
आमच्या लूमलासुद्धा
पाच टक्के इकडेतिकडे माफ असायचे.
भागिले अठ्ठावीस पूर्णांक पस्तीस,
सव्वा औंस, वर किंचित.
मी खाली रेघ मारली.

'थांबा, व्हायचंय अजून.'
तिने चिमटीने दाणे उचलले
आणि एकेका मुठीवर वेगळे टाकत गेली.
दहा, अकरा, बारा.
'हे कशाचे?'
'ह्याचे.'

उजव्या हाताचं मधलं बोट.
मूठ वळली की ते मिटत नाही,
बाकीच्यांच्या वर अर्धवट उभं राहतं,
आणि तेवढ्या फटीतून दाणे निसटतात.

'कधीपासून?'
'हजार विड्यांचा रोज होता ना, तेव्हापासून थोडं थोडं.
आधी चार दाणे पुरायचे.
मग सहा.'

मी लाखांनी टॉवेल तोलले.
सुताचा एक धागा कमी पडला तर
हाताला कळायचं.
चटणी मात्र ताटात रोज
तीच होती.

बारा दाणे काट्यावर ठेवले. सहा ग्रॅम.
छत्तीस खोडलं, बेचाळीस लिहिलं.
बेचाळीस म्हणजे दीड औंस,
जवळजवळ काटेकोर.

'लिहा तिला,' राजमणी उखळ जवळ ओढत म्हणाली,
'एकदम घे म्हणावं. वरचे दाणे नकोत.
तिची बोटं धड आहेत.'

मग लसूण पडला, जिरं पडलं,
मुसळ सुरू झालं.
तिखटाचं माप
विचारायचं राहूनच गेलं.