फेकू नका

पुंता अरेनासच्या इस्पितळात, तळघरात,
एलिसेओ बारिया नव्या लॅपटॉपचं अनावरण बघतो,
आवाज बंद ठेवून.
जाडी नखाएवढी. भोक एकच.
तिकडे लोक उभे राहून टाळ्या पिटतात.
इकडे तो वहीत लिहितो:
सोमवार. संचालकबाई. प्रोजेक्टर.

सोमवारी फोन येतो, पण वरच्या मजल्यावरून, प्रसूती विभागातून.
"माझा नवा लॅपटॉप सोनोग्राफीशी बोलतच नाही हो!"
बोलणार कसा? ती सोळा वर्षांची,
तिला एकच भाषा येते, जाड निळ्या वायरीची.
आणि पलंगावर बाई, पोटावरची जेली वाळत चाललेली.

या गावात वारा सुटला की
चौकात दोर बांधतात,
माणसांनी धरून रस्ता ओलांडावा म्हणून.

तो खालचा खण ओढतो. अडकलाय. लाथ घालतो.
चार अडॅप्टर, एकाच्या शेपटीला दुसरा,
धक्का लावू नका, श्वाससुद्धा जपून घ्या डॉक्टर,
आणि पडद्यावर
करड्या धुक्यातून
एक टाच.

वायर गुंडाळताना चिठ्ठी दिसते,
निवृत्त ओनोफ्रेचं तिरकं अक्षर: फेकू नका.
एलिसेओ पेन शोधतो.
खाली लिहितो: अजूनही.