एकोणतीस मापं

चिकोंडी सुट्टीत मलावीला जाऊन आला
आणि दांडिया बाजारातल्या आमच्या भिशीत
वर्तमानपत्रांची गुंडाळी उलगडली.
एकोणतीस मुलांची पावलं, कोळशाने गिरवलेली,
न कळणाऱ्या बातम्यांवरून
थेट बडोद्यापर्यंत आलेली.

शालनताई घोरपडे म्हणाल्या, खाली ठेवू नका, पाय लागेल.
मग स्वतःच हसल्या.

त्या महिन्याची भिशी कुणीच उचलली नाही.
हसमुखभाईंनी बूट घाऊक भावात दिले,
पार्सलचा खर्च बुटांच्या वर गेला.
सून म्हणाली, खंडेराव मार्केटबाहेरही अनवाणी पोरं आहेत, आई.
आहेत.
मला उत्तर आलं नाही, अजून येत नाही.
दुसऱ्या दिवशी भाजी घेताना
मी पहिल्यांदा खाली पाहिलं.

एका कागदावर एकच पाऊल. डावं.
वाटलं, घाईत राहिलं असेल दुसरं.
चिकोंडी म्हणाला, नाही, तेवढंच आहे.
थोकोझानी, वय सात,
आंब्यावर सगळ्यांच्या आधी चढतो.

हसमुखभाईंना विचारलं, एकच बूट मिळेल?
ते म्हणाले, बेन, जोडी फुटत नाही.

उजवा बूट माझ्याकडे राहिला,
शिवणयंत्राच्या खणात, नाडी न ओवलेला.
चिकोंडी सांगतो, डाव्याला आता चिखल लागलाय.

भाद्रपदात उंबऱ्यापासून
गौरीची पावलं काढत होते.
डावं काढलं आणि चिमूट तशीच राहिली बोटांत.
जाऊबाई म्हणाल्या, अहो, दुसरं राहिलं.

काढलं मग.
जरा वाकडं आलं.